बाबांची गाडी तेल पिते

सोल्विक, ३ ऑक्टोबर १९९९

ती. टोर्मुददादास,
सिग्नीचा सा. न. वि. वि.

पत्रास कारण बाबांची गाडी. फोनच केला असता, पण चाळीस वर्षं जहाजांच्या इंजिनखोलीत काढून तू कान तिथेच ठेवून आलास, आणि मला ओरडायची सवय नाही.

गाडीचे चार लाख बारा हजार किलोमीटर झाले. चढावर कुरकुर नाही, पण तेल पिते. दर पाचशे किलोमीटरला लिटरभर. मागे असा निळा धूर, की फिओर्डच्या खाडीपलीकडच्या लोकांना माझी चाहूल आधीच लागते. १२ नोव्हेंबरला सरकारी तपासणी आहे. या धुरासकट गेले तर गाडी नापास होणार. मग नाताळाआधी एकतीस प्रार्थनाघरांतले पियानो आणि हार्मोनियम सुरात कोण लावणार? बस आठवड्यातून दोनदा येते, आणि हत्यारांची पेटी तुझ्या वजनाची आहे. शहरातल्या वाद्यांच्या दुकानाने नोकरी देऊ केली आहे. ती घेतली तर हे घर बंद करावं लागेल. मला ते नको आहे, स्पष्टच लिहिते.

शेजारचा हाल्वर म्हणतो, ट्रॅक्टरचं जाड तेल ओत, २०डब्ल्यू-५०, म्हाताऱ्या इंजिनाला जाड पांघरूणच हवं. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात तेलाच्या डब्यांनी एक अख्खी भिंत भरली आहे. एका डब्यावर ‘जुन्या इंजिनांसाठी’ असं लिहिलंय. मला वाटलं, माझ्याकडेच बघतोय. यातलं कोणतं घेऊ?

बाबांच्या अंत्यविधीनंतर सहा वर्षं तू इकडे फिरकला नाहीस, ते मी आता उकरत नाही. लोभ आहेच, उत्तरही असू दे.

तुझी,
सिग्नी


कार्मॉय, ८ ऑक्टोबर

चि. सिग्नीस अनेक आशीर्वाद, आणि हाल्वरला माझ्याकडून एक धपाटा.

जाड तेल ओतलंस तर याद राख. डब्यावरचा पहिला आकडा थंडीतला, दुसरा तापलेल्या इंजिनातला. विसाचं तेल जानेवारीत काकवीसारखं तळाशी बसेल. ते वर पोचेपर्यंत धातूवर धातू घासत राहील. धूर कमी होईल, पण इंजिनाचं आयुष्यही. नव्या गाड्यांचं पातळ तेलही नको, ते झिजलेल्या फटींतून निसटतं. तू १०डब्ल्यू-४० घे, अर्धं सिंथेटिक. आणि तो ‘जुन्या इंजिनांसाठी’वालाच डबा घे. रबरी सील वयाने कडक होतात, त्यांना मऊ ठेवणारं औषध त्यात असतं. गाडीच्या पुस्तकात हा आकडा चालतो म्हटलंय ना, तेवढं बघ. धूर घालवणाऱ्या जादूच्या बाटल्या दुकानातच राहू देत.

पण तेल निवडलं म्हणजे अर्धंच काम झालं. पाचशेला लिटर हे मला पटत नाही. एवढं पिणारं इंजिन चढावर दम टाकतं, आणि तू म्हणतेस कुरकुर नाही. तुझ्या कानावर माझा माझ्या हातापेक्षा जास्त विश्वास आहे. तेव्हा कळव: धूर कधी वाढतो, गाडीखाली थेंब पडतात का, आणि तेल कधी, कुठे, कसं मोजतेस.

मटण-कोबी शिजवायचे दिवस आले. एकट्यासाठी पातेलं काढायचा कंटाळा येतो.

तुझा,
दादा


सोल्विक, २४ ऑक्टोबर

ती. दादास सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तेच तेल घातलं, पुस्तकात बघूनच. सकाळी सुरू होतानाची खडखड गेली, आवाज चांगला गोल झाला. धूर मात्र तसाच. हाल्वर फाटकाशी येऊन म्हणाला, तुझ्या भावाच्या हातून बोटी बुडाल्या नाहीत हे नशीबच.

आता तुझे प्रश्न. थेंब एकही पडत नाही. धूर सगळ्यात जास्त तेल ओतल्याच्या दिवशी असतो. मोजते रोज सकाळी, अंगणात, गाडी सुरू करण्याआधी, पट्टी पुसून दोनदा. गाडी बाबा लावायचे तशीच लावते, तोंड उताराकडे, म्हणजे बॅटरी रुसली तरी घरंगळत सुरू होते. पट्टीवर तेल खालच्या खुणेच्याही खाली दिसतं, मग वरच्या खुणेपर्यंत ओतते. यात चुकायला जागा कुठे आहे?

वाद्यांच्या दुकानाला महिनाअखेर उत्तर द्यायचंय. होकाराचं पत्र लिहून ठेवलंय. रडत नाहीये, पण अक्षर बघून तुला कळेलच.

तुझी,
सिग्नी


कार्मॉय, २६ ऑक्टोबर

चि. सिग्नी, आशीर्वाद नंतर. आधी ते होकाराचं पत्र फाड.

इंजिनाचं वय झालंय, पण खरा दोष अंगणाचा आहे. तोंड उताराकडे, म्हणजे तेल सगळं पुढे जमतं, आणि या गाडीची पट्टी मागच्या बाजूला आहे. पट्टी कोरडी आणि पोट तुडुंब. जेवून उठलेल्या पाहुण्याला तू रोज वाढत होतीस! जास्तीचं तेल आत घुसळलं जातं, फेस होतो, तो हवेच्या नळीतून ओढला जाऊन जळतो. जळलं की तू पुन्हा ओततेस.

सोल्विकमध्ये सपाट जागा एकच, फेरीबोटीचा धक्का. हे लिहिलं आणि माझा हात थांबला. आठवतं, जुन्या गाडीच्या वेळीही बाबा फेरीच्या रांगेत बॉनेट उघडून उभे राहायचे? तू सीटखाली लपायचीस, मी ओळख न दाखवता लांब जाऊन उभा राहायचो. मला वाटायचं, लोकांना गाडी दाखवतात. अंत्यविधीनंतरच्या कॉफीला मी तीच गोष्ट चारचौघांत हसत सांगितली, आणि तू उठून गेलीस. सिग्नी, ते तेल मोजत होते. जन्मभर इंजिनं सांभाळणाऱ्या माणसाला हे कळू नये, याची लाज वाटते.

धक्क्यावर जा. इंजिन बंद करून दहा मिनिटं थांब, मग मोज. वरच्या खुणेपेक्षा जास्त असेल ते काढून टाक.

तुझा,
दादा


सोल्विक, १२ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पास!

धक्क्यावर पट्टी ओढली तर तेल वरच्या खुणेच्या पार वर. हाल्वरनेच गाडीखाली झोपून दीड लिटर काढलं. बोटींबद्दलचं बोलणं त्याने मागे घेतलंय, ट्रॅक्टरच्या तेलाचं नाही. धूर दोन-चार दिवसांत विरला. नंतर आठशे किलोमीटर झाले, पट्टी जेमतेम बोटभर उतरली. तपासनीस म्हणाला, म्हातारीचा श्वास स्वच्छ आहे. दुकानाला नकार कळवून झाला. उद्या सकाळी पहिलं प्रार्थनाघर.

धक्क्यावर बॉनेट उघडलं तेव्हा रांगेतले सगळे बघत होते. मी लपले नाही. बाबा उभे राहायचे तशीच उभी राहिले, आणि सहा वर्षांचा राग तिथेच कुठेतरी सांडला.

दादा, पुढच्या शनिवारी, २० तारखेला, दुपारच्या फेरीला मी धक्क्यावर असेन. तुला घ्यायला आलेय असं समजू नकोस, मला तेल मोजायचंय. पण मोठं पातेलं घासून ठेवलंय.

तुझी,
सिग्नी