प्लगिन सुरू झालं, आत्याबाई!

आसेगाव, मंगळवार

आदरणीय भागिरथा आत्याबाईस संघदीपचा मनापासून जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? सोयाबीन काढून झालं का? इकडे आई-बाबा ठीक. मी तर इतका खुशीत आहे की कालपासून जेवण जात नाही. हे फोनवर सांगण्यात अर्थ नाही, कारण फोनवर तुम्ही 'जेवला काय?' विचारता आणि उत्तर यायच्या आत ठेवून देता.

मी घरी बसून काय करतो, असं तुम्ही नेहमी विचारता. (बाबा सांगतात, 'टायपिंग'.) तर कॉम्प्युटरवर प्रोग्राम लिहायला एक एडिटर लागतो. तो एका मोठ्या परदेशी कंपनीचा, आणि त्याला मागून जोडायचं छोटं प्लगिन माझं. ट्रॅक्टर त्यांचा, ट्रॉली माझी. लिहिणाऱ्याचं चुकलं की एडिटर इंग्रजीत कुरकुरतो. माझं प्लगिन तीच चूक वऱ्हाडीत सांगतं. कंस उघडा राहिला तर 'दार कोन लावन? तुहा बाप?' तीच चूक तीनदा केली तर 'कानात बोळे घातले काय रे?' मंगरूळपीरच्या रेणू मॅडम आपल्या क्लासात हेच वापरतात. त्यांच्याकडे चौतीस जण, बहुतेक खेड्यांतले, इंग्रजी दिसलं की गप्प होणारे. पण ही बोलणी खाल्ली की हसतात आणि चूक सुधारतात.

घोळ असा, की कंपनी दर चार महिन्यांनी नवा ट्रॅक्टर काढते आणि हूक बदलते. माझी ट्रॉली ज्या जुन्या हुकाला होती, त्यावर कंपनीने दोन वर्षांपूर्वीच सूचना लावली होती, 'ही सोय लवकरच काढली जाईल.' मी ते 'लवकरच' आपल्याकडच्या मापाने मोजलं. आमच्या फाट्यावर 'येथे लवकरच प्रवासी निवारा' ही पाटी मी तिसरीत असल्यापासून आहे. आता मी अठ्ठावीसचा झालो आणि लोक त्या पाटीच्याच सावलीत बसतात. या परदेशी लोकांनी मात्र खरंच काढली हो! बुधवारी नवी आवृत्ती आली, क्लासातले कॉम्प्युटर आपोआप अपडेट झाले, आणि मॅडमचा फोन, 'संघदीप, तुहं प्लगिन मुकं झालं. सोमवारी प्रॅक्टिकल परीक्षा हाये अन् पोट्टे रडकुंडीले आले.'

मी काय करावं? प्लगिनच्या एका फाइलीत 'अमुक आवृत्तीपर्यंत चालते' अशी ओळ असते. तिथला आकडा वाढवला, तपासलं काहीच नाही, आणि दिलं पाठवून. (हसू नका.) शुक्रवारी पहिला कंस विसरला गेला आणि अख्खा एडिटरच बंद पडला. मग एकामागून एक चौतीसही बंद! मला फार लाज वाटली. तेव्हा कुठे शहाण्यासारखा बसलो. जुना हूक सतरा ठिकाणी होता, तो उपटला, नवा लावला, आणि मुद्दाम शंभर चुका करून बघितल्या. रविवारी दुपारी तीनला नवं प्लगिन पाठवलं. काल परीक्षा चालू असताना मॅडमने मला फोन लावून तो नुसता वर्गात धरून ठेवला. पोरं हसत होती, आत्याबाई! मी अंगणात नाचलो. आई म्हणाली, 'काहून नाचून राह्यला बाप्पा?' आज निकाल लागला. चौतीसपैकी बत्तीस पास!

घरात सगळ्यांना जयभीम सांगा, गुडघ्याला तेल लावा.

तुमचा भाचा,
संघदीप

ता. क. प्लगिनातली बोलणी सगळी तुमची आहेत. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत रिठदला तुम्ही मला जे जे बोललात, ते जसंच्या तसं उतरवलं. एकूण बेचाळीस. तुम्हाला विचारायचं तेवढं राहून गेलं.

आणखी एक. नव्या आवृत्तीत अकरा नव्या चुका पकडायची सोय आली आहे आणि माझ्याजवळची बोलणी संपली. आईकडून दोन घेऊन बघितली. तिच्या बोलण्यात दम नाही. (तिला कळवू नका.) पुढची आवृत्ती यायच्या आत अकरा हवीत.

शेवटचं. हे वाचून राग आला असेल तर कृपा करून आवरू नका. सोबत कोरं पोस्टकार्ड ठेवलं आहे. ओळीला एक लिहा.