तयार कानाची माणसं

ती. ताईंना,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरल्यामुळे तूर्त कमरेपर्यंतचाच, उरलेला प्रत्यक्ष भेटीत घालीन.) तुमची पाठ आता कशी आहे? तुमच्या यजमानांचा खोकला हटला का? मुलं अभ्यास करतात का, की तीही आपल्या मामावर गेली? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. 'खुशाल' हा शब्द लिहायला घेतला होता, पण हात धजला नाही.

पत्रास कारण तुमचा भाऊ. फोन का केला नाही म्हणाल, तर तोही प्रयत्न करून झाला. तुमच्याशी बोलायला लागले की हा शेजारी येऊन उभा राहतो आणि मान वाकडी करून ऐकतो. काय बोलतोय ते नाही, कसं ऐकू येतंय ते. मागच्या वेळी तुम्ही पाय मुरगळल्याचं सांगत होतात आणि मी 'अगं बाई' म्हणत होते, तेव्हा हा डोळे मिटून म्हणाला, "ताईचा आवाज मधल्या पट्टीत पोकळ येतोय." सख्ख्या बहिणीचा पाय सुजलाय आणि याला पट्टीची पडलेली! म्हणून कागद घेतला. कागदाला पट्टी नसते.

सुरुवात त्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्यापासून झाली. तुमचा भाऊ लिफ्टची तपासणी करतो हे तुम्हाला माहीत आहेच. दिवसभर दोरखंड कुरकुरतात का, दार नीट मिटतं का, हे ऐकत उभं राहायचं काम. तिथे कुणीतरी त्याला म्हणालं, तुझा कान तयार आहे. बस्स! माणसाचं डोकं तयार आहे असं कुणी म्हणालं तर तो दुसऱ्या दिवशी विसरतो, पण 'कान तयार आहे' हे एकदा ऐकलं की तो कामातून गेला. आठवड्याच्या आत घरात एक चपटी डबी आली, गाणी वाजवायची. मी म्हटलं, फोनवर वाजतात की. त्यावर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्या आईबद्दल 'भाड्याने आणली का' असं विचारलंय. डबीपाठोपाठ इअरफोन आले. दिसायला वालाच्या दाण्याएवढे, पण पेटी अशी की आत नवरीचे दागिने असावेत.

मला वाटलं, आता निदान कानात घालेल आणि गप्प बसेल. छे! ते म्हणे लगेच ऐकायचे नसतात. आधी पिकवायचे. (आंबे नव्हेत, ताई, इअरफोन.) कित्येक दिवस अखंड गाणी लावून ठेवायची, म्हणजे आतला पडदा सैल होतो आणि आवाज 'उमलतो'. त्यामुळे ते वाजत्या अवस्थेत कपाटातल्या मोज्यांच्या खणात ठेवले गेले. माझ्या घरात मोजे गाणी ऐकत होते आणि माणसं एकमेकांशी बोलत नव्हती. बरं, नेमकं त्याच आठवड्यात आईंना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं होतं. तुम्हीच मागे लागून वेळ घ्यायला लावली होती. आईंना तीन हाका मारल्याशिवाय ओ येत नाही, आणि आली तरी आपण मीठ मागितलं तर त्या पावसाचं सांगतात, हे तुम्ही पाहिलंच आहे. तर त्या दिवशी सकाळी वीज गेली, डबीचं चार्जिंग संपलं, पिकवण्यात खंड पडला, आणि तुमचा भाऊ डॉक्टरकडे जायचं सोडून दुकानांत बॅटरी शोधत हिंडला. ज्या आईने याचे कान लहानपणी तेल घालून जपले, तिच्या कानांपेक्षा मोज्यांमधले कान मोठे ठरले. मी बोलले. खूप बोलले. पण त्याच्या कानात तेव्हा जुने इअरफोन होते.

मग बैठका सुरू झाल्या. दर रविवारी, आमच्याकडे, कारण आमची गल्ली शांत. (शांत होती.) येणारे मुख्य तिघे. एक दातांचे डॉक्टर, जे आयुष्यभर लोकांच्या किंकाळ्या ऐकून आता नाजूक सूर शोधतात. दुसरे कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांना दोन वाद्यांच्या मधे 'हवा' ऐकू येते. तिसरे विम्याचे एजंट, ज्यांचं नाव मी मखमल ठेवलंय, कारण त्यांना सगळं मखमली लागतं. गाणं मखमली, खर्ज मखमली, एकदा तर चहासुद्धा. ही मंडळी आपापल्या डब्या आणि वायरी टेबलावर मांडतात, एकमेकांचे इअरफोन घालतात, डोळे मिटतात आणि चेहरे असे करतात की बाहेरच्या माणसाला वाटावं, यांना एकाच वेळी दाढदुखी आणि मोक्ष दोन्ही लाभलेत. मग डोळे उघडून अभिप्राय. हा गोड आहे पण प्रामाणिक नाही. तो प्रामाणिक आहे पण कोरडा. याची तान खुलते पण पाया खचतो. लग्नाची स्थळंसुद्धा इतक्या बारकाईने कुणी पाहिली नसतील. (पाहिली असती तर मी आज इथे नसते.) चहात चमचा वाजवायचा नाही. चकल्या वगैरे कुरकुरीत काही ठेवायचं नाही. आणि सगळ्यात कहर म्हणजे त्या रबरी टोप्या! इअरफोनच्या टोकाला बसवायच्या त्या टोप्या ही माणसं सदऱ्याला पुसून एकमेकांना देतात. मी प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त काढते, प्रत्येकाला नवी सुई वापरते, आणि घरी येऊन बघते तर याच्या कानातला मळ त्याच्या कानात. मी एकदा स्पिरिटची बाटली नेऊन ठेवली, तर प्राध्यापक म्हणाले, स्पिरिटने आवाज पातळ होतो.

आता मूळ प्रकार सांगते. पाच-सहा रविवारांपूर्वी यांची बैठक रंगात होती. मी गॅसवर दूध ठेवलं आणि ते तापेपर्यंत कपडे वाळत घालावेत म्हणून बादली घेऊन गॅलरीत गेले. तेवढ्यात खाली एक स्कूटर फुरफुरली. प्राध्यापक उठले, बाहेर न बघता गॅलरीचं दार ओढलं, आतून कडी घातली आणि पुन्हा डोळे मिटून बसले. मी बाहेर. काचेच्या दारातून चौघे मला स्पष्ट दिसत होते, हात लांबवला तर मखमल यांचं टक्कल हाताला लागावं इतक्या अंतरावर. मी आधी बोटांनी टकटक केली. मग मुठीने. मग आवाज दिला. खालच्या मजल्यावरच्या बाई बाहेर येऊन काय झालं विचारून गेल्या, रस्त्यावरचा एक कुत्रा भुंकून भुंकून थकला, पण शहरातल्या सगळ्यात तयार आठ कानांपैकी एकही हलला नाही. शेवटी मी बादली उचलली आणि तिच्या बुडाने दारावर ठोके घातले. आत दूध, बाहेर मी, दोघं एकाच वेगाने उतू जात होतो.

दार कुणी उघडलं? आईंनी. आतल्या खोलीतून चालत आल्या, कडी काढली. गॅसही त्यांनीच बंद केला होता. म्हणाल्या, "वास आला." (दुधाचा आला असेल. माझा कसा आला, ते रागाच्या भरात विचारायचं राहिलं.)

मी आत पाऊल टाकलं, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी प्राध्यापकांनी कानातून इअरफोन काढून तुमच्या भावाचा हात हातात घेतला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, "हे गाणं कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. मागे इतका खोल ढोल आहे, हे आज पहिल्यांदा कळलं."

ताई, तो ढोल मी होते.

दंतवैद्यांनाही तो ऐकू आला होता. मखमल यांच्या मते ठोका किंचित उशिरा पडत होता, पण पोत मखमली. त्यांनी गाणं पुन्हा लावलं. ढोल नाही. वायर बदलली. नाही. टोप्या बदलल्या. नाही. मी हातात बादली घेऊन समोर उभी होते आणि ही विद्वान मंडळी, डबी तापल्यावरच ढोल येत असावा, अशा निष्कर्षाला येत होती. मी म्हटलं, "थांबा, पुन्हा वाजवून दाखवते," आणि बादली दारावर घातली. चौघेही दचकले. तुमचा भाऊ उठला आणि मला वाटलं, आता तरी लाजून माफी मागेल. तो काय म्हणाला? "हळू! ऐकू दे ना."

त्यानंतर मी काही बोलले असते तर ते लिहिण्याजोगं नसतं, पण आईच मधे आल्या. "काय ऐकताय रे सगळे?" म्हणाल्या. प्राध्यापकांनी अदबीने खुर्ची दिली आणि तुमच्या भावाचे इअरफोन त्यांच्या कानात बसवले. (नवी टोपी मी लावली, स्पिरिटने पुसून.) आई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "हा पत्र्याच्या डब्यात बसून का गातोय?"

तुमच्या भावाचा चेहरा बघण्यासारखा झाला. महिनाभर मोज्यांत पिकवलेला माल, आणि जन्मदात्रीने त्याला डबा म्हणावं! दंतवैद्यांनी घाईने आपले लावले. आई म्हणाल्या, हा समोर बसलाय, पण जेवला नाही. मखमल यांच्या इअरफोनवर गाणाऱ्या बाईच्या छातीत त्यांना कफ आढळला. ताई, ती माणसं थरारली. जेवला नाही म्हणजे खर्ज कमी, कफ म्हणजे छातीचा घुमारा, असा अर्थ त्यांनी लावला आणि प्राध्यापक हळू आवाजात मला म्हणाले, असा कान शतकात एखाद्याला मिळतो. ज्या बाईला मीठ मागितलं तर पाऊस ऐकू येतो, तिचा!

आता दर रविवारी ते आईंकडेच येतात. नवीन काही घेतलं की आधी आईंच्या कानात. आई एक वाक्य बोलतात आणि त्यावर तासभर चर्चा. तुमच्या भावाची ती डबी आणि इअरफोन आईंनी, "हे पत्र्याचे तुला काय कामाचे," म्हणून स्वतःकडे ठेवून घेतलेत. आईपुढे तो काय बोलणार? त्या दिवसभर खुर्चीत कानात घालून, डोळे मिटून बसतात. हाक मारावी तर आता पाचव्यांदाही ओ नाही. आणि तुमचा भाऊ रिकाम्या कानांनी घरात हिंडतो. परवा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. कांदा चिरून दिला (जाडा). मग म्हणाला, "तू काम करताना गुणगुणतेस, हे मला माहीतच नव्हतं." मी म्हटलं, मी गुणगुणत नाही, बडबडते. तर म्हणाला, "तरी चालू ठेव." लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हा पहिला अभिप्राय मिळाला. गोड आहे की प्रामाणिक, ते अजून ठरत नाही.

असो. कागद संपला, राग शिल्लक आहे. घरच्या सगळ्यांना यथायोग्य सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. पुढच्या महिन्यात आईंना तिकडे नेऊन कान तपासून यंत्र बसवायचं तुमच्या मनात आहे, असं तुम्ही लिहिलं होतं. एवढं रद्द करा. कान सुधारले तर त्यांची विद्वत्ता जाईल आणि ही डबी पुन्हा तुमच्या भावाच्या कानात येईल.

दुसरं ता. क. खरं कारण वेगळं आहे. मी स्वयंपाकघरात जे काही बोलत असते, ते आई ऐकत नाहीत या भरवशावर बोलत आले. आता त्यांना एकदम ऐकू यायला लागलं, तर मी घरात कुठे बोलू? गॅलरीत?

तिसरं ता. क. मला प्रयोगशाळेत जायची घाई आहे. पाकीट आईंकडे देते. त्या फिरायला जाताना पेटीत टाकतील.

चि. मुलीस अनेक आशीर्वाद. पाकिटाला गोंद कमी लावला होता, आता मी नीट लावते. तुझ्या वहिनीने लिहिलंय त्यात तिखटमीठ आहे, खोटं काही नाही. मला डॉक्टरकडे न्यायचं कारण नाही. मला हवं तेवढं ऐकू येतं. त्या डबीचं चार्जिंग कधीच संपलं. नुसतं कानात घालून बसलं की कुणी काही विचारत नाही, म्हणून घालते. ती माणसं रविवारी येतात, चांगली आहेत, काहीही सांगितलं तरी पटतं त्यांना. वहिनीचं स्वयंपाकघरातलं बोलणं मी रोज ऐकते. निम्मं तुझ्या भावाबद्दल असतं, ते सगळं खरं आहे. निम्मं माझ्याबद्दल असतं, त्यातलंही बरंच. पण तिला यातलं काही कळवू नकोस. ती बोलायची थांबेल, आणि मग या घरात ऐकण्यासारखं काही उरणार नाही.

आई