देवीच्या नावाचे हिरवे खाचर

बातु गाडिंग, बाली
सहाव्या महिन्याच्या अमावास्येनंतरचा तिसरा दिवस

चिरंजीव अर्दाना यास काका लांद्रा याचे आशीर्वाद.

देनपसारला तुझ्या सासुरवाडीची मंडळी सुखरूप असोत. तुझ्या काकूचा गुडघा आता बरा आहे. पडवीवर नवे गवत घातले. ज्या पोथीची शेवटची अकरा ताडपत्रे आपली वाचायची राहिली, ती मी तेल लावून बांधून ठेवली आहे.

भाताविषयी तू विचारले नाहीस, तरी लिहितो. दाणा दुधात येत असतानाच तुडतुडे पडले. प्रथम सादियाच्या खाचरात ताटाएवढा पिवळा डाग दिसला. आठवड्याभरात तेथे कोणी निखारे पसरावेत तसे झाले. आता देवळाच्या पायथ्यापासून नदीपर्यंत शेते करपली आहेत. बुंध्याशी हात घातला की तांबूस भुसा लागतो, आणि तो भुसा उडतो.

अमावास्येला कीडनिवारणाचा विधी केला. पाणीमंडळाचा प्रमुख म्हणून देवीवर छत्र तू धरायचे. तुझ्या जागी मंडळातल्या देकोकने धरले. प्रत्येक जण बांबूच्या नळीत तीर्थ घेऊन आपल्या पाटाच्या तोंडाशी ओतायला गेला. सादिया मात्र देवळाच्या भिंतीबाहेर उभा होता. नांगरणीच्या दिवसांत त्याची बायको वारली, हे तू जाणतोस. त्याने सुतकात शेतात पाय ठेवला म्हणून देवी कोपली, असे गावाने ठरवून टाकले आहे.

"मंकू, मी बेचाळीस दिवस शेताकडे फिरकलोसुद्धा नाही," तो भिंतीपलीकडून मला म्हणाला. "लावणी मेहुण्यानं केली. विचारा त्याला!"

"मेहुणा तुझा, साक्षही तुझीच!" कोणीतरी ओरडले.

देकोकची जीभ तुला ठाऊकच आहे. तो म्हणाला, "तुडतुड्यांना सुतक कळतं म्हणे! मग आमचे प्रमुख चार दिवसांचं सांगून देनपसारला का जाऊन बसले, तेही त्यांनाच विचारा की."

लोक हसले. मी हसलो नाही. पण सादियाची नळीही भरली नाही. मी मंकू, देवळाचा पुजारी, हातात तीर्थाची पळी घेऊन तसाच उभा राहिलो.

पाच दिवसांनी सभा आहे. सादियाच्या शेताचे पाणी बंद करायचे, असे बहुतेकांच्या मनात आहे. त्याला दोन मुली आहेत. पाटाचे दार एकदा बंद झाले की त्याला गाव सोडावे लागेल.

आता जे लिहायचे मी टाळीत होतो, ते लिहितो.

कापणीनंतर चाळीस दिवस पाटाखालच्या एकाही खाचरात हिरवे पाते ठेवायचे नाही, हा नियम तू स्वतः सभेत वाचून दाखवलास. हिरवा बुंधा मिळाला नाही की तुडतुडा उपाशी मरतो, हे पूर्वजांनी जाणले आणि त्या दिवसांना व्रताचे स्थान दिले. ते व्रत प्रथम मी मोडले. देवीच्या मूर्तीसाठी जुन्या लाल भाताच्या ताज्या लोंब्या हव्यात, म्हणून देवळामागच्या बांबूबनाआड तुझ्या खाचरात चार हात जागेत मूठभर रोपे राहू दे, असे मीच तुला म्हणालो. सभेला कळवले नाही. कळवले असते तर प्रत्येकाने देवीचे नाव पुढे केले असते.

पंचविसाव्या दिवशी मी बांबूची पाने आणायला वर चढलो. अख्खे खाचर हिरवे होते, आणि त्यात लाल भाताचे एकही रोप नव्हते. ते तुझे नवे बुटके वाण होते.

"एवढं कशाला रे?" मी विचारले.

"काका, देवीला काय मोजून द्यायचं?"

तुझ्या त्या उत्तराचे मला कौतुक वाटले. बुंध्यांवरचा तांबूस भुसा तेव्हाच माझ्या दृष्टीस पडला होता, अर्दाना. त्याला भुसा मानणे मला सोयीचे वाटले.

त्यातली एकही लोंबी देवळात आली नाही. गावाची लावणी उरकल्यावर तू ते खाचर कापलेस, आणि तेथले तुडतुडे खालच्या कोवळ्या रोपांवर उतरले. बांबूबनाच्या लगत खाली कोणाचे शेत आहे, हे तुला सांगायला नको.

मजुरीने कापणीला जाणारी सुर्तीची आई विधीनंतर मला म्हणाली, "आम्ही विचारलं होतं त्यांना, सगळ्यांची आत्ता लावणी झाली, अन् तुमची कापणी कशी? तर म्हणाले, मंकूंचा शब्द आहे. तुमचा शब्द म्हटल्यावर आम्ही कोण बोलणार?"

सोळा वर्षे मी तुला शब्द वाचायला शिकवले. तू माझाच शब्द नेलास आणि आपल्या चोरीभोवती त्याचे कुंपण घातलेस. तुडतुड्यांनी माझे शेत खाल्ले, त्याचे दुःख मी पचवीन. हे मला पचत नाही.

सभेला ये. आलास तर आधी तू बोल. न आलास तर मी बोलेन, आणि आरंभ त्या चार हात जागेपासून करीन. देवळाचे पांढरे शिरोवस्त्र पायरीवर ठेवून मी आत जाणार आहे. ते पुन्हा माझ्या डोक्यावर यावे की नाही, हे सभा ठरवील.

आज पहाटे मी सादियाच्या पाटाच्या तोंडाशी स्वतः तीर्थ ओतून आलो. त्याने मला शहाळे फोडून दिले आणि म्हणाला, "अर्दाना आला की माझी बाजू तोच मांडेल बघा, मंकू. नियमाचा पक्का माणूस आहे."

त्याला उत्तर तू येऊन द्यायचे आहेस.

अकरा ताडपत्रे बांधलेलीच राहतील.

ज्याचा शब्द तू नेलास, तो
लांद्रा