आई देगलूरला जाणार नाही

नांदेड, ६ जानेवारी २०२५

चि. मालविका हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलायला लागलं की तुझी भार्गवी आत्या स्वयंपाकघरातून कान देऊन असते, म्हणून हे पत्र. १९ तारखेला उदगीरहून राजशेखरची आई आणि काका तुमच्या लग्नाचं बोलायला, आपलं घर बघायला येणार आहेत. त्या दिवशी मी देगलूरला तुझ्या मामाकडे जावं, असं आत्यानं सुचवलं. तुझ्या बाबांनी पेपर पुढे ओढला.

मी जाते गं. बायपोलरच्या गोळ्यांनी हात थरथरतात, कपबशी वाजते, लोक बघतात. तुझ्या अंबरीशदादाच्या साखरपुड्याच्या वेळीही देगलूरला गेलेच होते की. त्याचे फोटो मला नंतर बघायला मिळाले. तुझं जमलं म्हणजे झालं.

वेळेवर जेवत जा. तुझा लोभ मला पुरून उरतो.

तुझी आई

लातूर, १० जानेवारी २०२५

ती. सौ. आईस शि. सा. न. वि. वि.

मानसोपचार शिकणाऱ्या डॉक्टरनं असं लिहू नये, पण पत्र वाचून डोकं फिरलं.

काल ओपीडीत आमच्या इंटर्ननं एका पेशंटच्या बहिणीला अगदी हळू आवाजात विचारलं, की घरात कुणाला मानसिक आजार आहे का. ती लगेच नाही म्हणाली. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, की आपणच चोरी असल्यासारखं विचारलं तर समोरचा लपवणारच. साखरेचा आजार आहे का, हे ज्या आवाजात विचारतोस त्याच आवाजात विचार. त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा चाकूरच्या त्या बहिणीनं आपल्या काकांच्या आजाराचं सगळं सांगितलं.

आता हे शिकवणाऱ्या मुलीनं आईला देगलूरला लपवायचं? तू गोळी चुकवत नाहीस. झोप कमी झाली की आधी तूच मला कळवतेस. राजशेखरला मी पहिल्या भेटीतच सांगितलंय. घरी सांगायला तो कचरतोय. तो मला मनापासून आवडतो, तरी लिहिते: तू गेलीस तर नकार मीच कळवीन. हे आत्याला वाचून दाखव.

राग मानू नकोस, माया पातळ करू नकोस.

तुझी मालविका

नांदेड, २१ जानेवारी २०२५

चि. मालविका हिस अनेक आशीर्वाद.

आत्यानं माझी पिशवी भरून ठेवली होती. मी ती रिकामी केली, त्यातलीच साडी नेसले आणि ट्रे स्वतः घेऊन गेले. कपबश्या वाजल्याच. वहिनीला थंडी बाधते, असं आत्या घाईनं म्हणाली. मी ट्रे खाली ठेवला आणि साखरेचा आजार सांगावा त्या आवाजात म्हणाले, "मला बायपोलर आजार आहे. हात गोळीनं थरथरायलेत, भीतीनं नाही."

काका चहा न घेताच उठले. राजशेखरच्या आईनं कप संपवला, पण कळवतो एवढंच म्हणाल्या. काल नकार आला. आत्याचा अबोला चालू आहे. तुझ्या बाबांनी मात्र त्या दिवशी माझ्याकडून दुसरा कप मागून घेतला.

तुझं मन दुखेल, याचं मला फार वाईट वाटतं. राजशेखरशी काय बोलायचं ते तू ठरव. देगलूरला आता आपण दोघी जाऊ, उन्हाळ्यात, आंबे खायला. आणि यापुढं या घरी कुणीही येवो, चहा मीच नेणार. ट्रे वाजला तर वाजू दे.

लोभ धर, कच खाऊ नकोस.

तुझी आई
चंद्रप्रभा