कल्हईच्या पातेल्यातलं लाल पाणी

बाबा, तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली आणि तुमचा खरा राग मला या महिन्यात आला.

माझा तपासणीच्या पट्ट्यांचा धंदा आहे. दुसरी गुलाबी रेघ उमटली की घरात पेढे येतात, त्या पट्ट्या. आजवर मी त्या नुसत्या पाकिटात भरून विकायचो. यंदा रेघेचा रंगही आपणच बनवायचा ठरवलं. आमच्या केमिस्ट मॅडमनी काचेच्या भांड्यात लालभडक पाणी दाखवलं. "सर, हे सोनं आहे." मी हसलो. "मॅडम, सोनाराच्या पोराले शिकवून राहिल्या काय?" त्याही इथल्याच, ऐकून घेणाऱ्या नाहीत. "सोनाराले तोळ्यातलं सोनं समजते, सर. केसाच्या हजाराव्या हिश्श्याहून बारीक करा, मग ते उजेडाशी वेगळंच वागते. पिवळं राहतच नाही." त्यांनी चिमूटभर मीठ टाकलं. कण एकमेकांना चिकटले आणि लाल पाणी डोळ्यांदेखत निळसर झालं. सोनं तेच, फक्त कणांचे गोळे झाले. मी विचारलं, "सोन्याच्या पाण्याला कल्हई लागली तर?" "कथील ना? त्यानंही होते असं लाल-जांभळं. जुनी पद्धत आहे ती."

मी खुर्चीत बसलो, बाबा. मला आपलं सक्करदऱ्याचं स्वयंपाकघर दिसत होतं.

तुम्ही तेजाबात सोनं विरघळवून शुद्ध करायचे आणि भांडी विसळलेलं पाणीही जपायला लावायचे. थेंब सांडला तर घर डोक्यावर. त्या दिवशी बरणीला चीर गेली म्हणून आईनं ते पाणी कल्हईच्या पातेल्यात ओतलं. सकाळी तुम्ही झाकण काढता आणि पाणी लाल. त्यातच त्या खेपेला सोनं वजनात आधीच कमी भरलेलं.

"सोन्याचं पाणी पिवळं राहते! कुंकू कालवून ठेवलं का वं? भावाले देलं ना सोनं?"

"काहून देईन जी मी? निस्तं पाणी ओतलं."

तुम्ही पातेलं उचललं आणि मोरीत उपडं केलं. थेंबाचा हिशेब मागणाऱ्या माणसानं! तुमचं सोनं तुमच्याच हातानं गटारात गेलं आणि चोर ठरली ती. मौद्याचा मामा पुन्हा आपल्या दारात आला नाही. आई माहेरी गेली नाही, तिच्या आईच्या मौतीलाही नाही. तुम्ही जाऊ दिलं नाही. तुम्हाला पिवळ्यापलीकडचं ठाऊक नव्हतं, कबूल. पण अठरा वर्षं एका ताटात जेवलेली बायको तरी ठाऊक असायला हवी होती की नाही?

आई आता ऐंशीची आहे. अजून कल्हईचं भांडं घरात येऊ देत नाही. मॅडमनी दिलेली लाल पाण्याची बाटली आठवडाभर माझ्या गाडीत आहे. रोज तिच्याकडे जातो, चहा पितो, बाटली गाडीतच ठेवून परत येतो.

कारण ती एकच विचारेल, त्यांच्या डोक्यात भावाचं नाव आलं कुठून. माझे कान तेव्हाही तिखट होते, बाबा. आदल्या दिवशी ती मागच्या दारी मामाला म्हणत होती, "यांना सांगू नको." तेवढंच ऐकून मी तुम्हाला सांगायला धावलो. तुम्हाला मी सोनारकीतच हवा होतो, म्हणून मामा सदरच्या कॉलेजातून माझा फॉर्म गुपचूप आणणार होता, हे मला पुढं कळलं.

तुमच्याकडे धावलो तो मी, हे तिला अजून माहीत नाही.