आईच्या दातांसाठी घेतलेलं मशीन

प्रितम,

आई गेली त्याच्या आदल्या दुपारी ती मी आणलेल्या नव्या मशीनवर परकराला नेफा घालत होती. बटण दाबल्यावर दोरा आपोआप कापला गेला, पण खाली थोडं शेपूट राहिलंच. ते तिने दातांनी तोडलं. मी म्हटलं, "आई, आता तरी!" ती हसली. "अगं, दातांना सवय झालीय."

चेंबूरची मावशी आज दुपारी मशीन बघायला येईल. तिला तसंच घ्यायचंय. तिला सांग, रोज ढीगभर शिवणार असशील तर जरूर घे, सारखी कात्री शोधावी लागत नाही. फक्त ब्लाऊजच्या टक्सच्या टोकाला ते बटण दाबू नको. दोरा इतका आखूड कापला जातो की गाठ मारता येत नाही आणि टक्स उसवतो. भाजी फ्रिजमध्ये आहे, तिला जेवल्याशिवाय सोडू नकोस.

मी आरे कॉलनीत चालायला जातेय. मावशी म्हणणार, "लेक असावी तर अशी! आईचे दात झिजू नयेत म्हणून मशीन आणलं." आई सगळ्या गिऱ्हाइकांना हेच सांगायची आणि मी गप्प ऐकून घ्यायचे. खरं तर ऑफिसातल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, तेव्हा त्यांच्यासमोर आईने दोरा दातांनी तोडला. त्याच आठवड्यात मी मशीन आणलं. आज ते कौतुक मला झेपणार नाही.

मघाशी तू झोपला होतास, तेव्हा मशीनपाशी बसून मी मोठ्याने म्हणाले, "आई, मला तुझी लाज वाटायची."

ताई