गोल बुबुळांची पाल

१२ जानेवारी १९५६
आंबोलीच्या सहलीतून आणलेली पाल सुखरूप परळला पोहोचली! बोटभर लांब, करडी. घरातल्या पालींची बुबुळं उभ्या चिरेसारखी, हिची गोल — आपल्यासारखी. दिवसभर हिंडते, दिवेलागणीला गप्प. सर म्हणाले, "नवीन जातही असेल. सोमवारी कॉलेजात आण." लोणच्याच्या बरणीत ठेवलीय, वर फडकं. आई करवादली, "गो मालन, चाळीत पाली काय कमी होत्या?"

१५ जानेवारी
बाबांना न्यूमोनिया. डॉक्टरांनी बजावलंय — अंगाला पाण्याचा थेंब नको.

१७ जानेवारी
मुंबई महाराष्ट्राला नाही! काल रेडिओवर ऐकलं, अजून खरं वाटत नाही. बाहेर गोळीबार, कर्फ्यू. कॉलेज बंद, पाल अजून घरीच.

१८ जानेवारी
सकाळी बरणी रिकामी! माशी टाकून फडकं बांधायचं मीच विसरले. खाटेखाली, फळीवर, बाबांच्या उशीमागे — सगळीकडे शोधली.
नळावरून परतले तर आई बाबांना मोरीत बसवून डोक्यावरून पाणी ओततेय! गार पाणी! स्टोव्हला रॉकेल नाही.
"खांद्यावर पाल पडली, तेच म्हणाले. न्हायला नको?"
मी किंचाळले, "ती घरातली पाल नव्हे, डोंगरातली आहे!" काय बरळत होते मी! आईने शांतपणे आणखी एक तांब्या ओतला. बाबा कुडकुडत होते, तरी हसत होते.

२० जानेवारी
सकाळी सातला बाबा गेले. कर्फ्यूत डॉक्टर पोहोचलेच नाहीत.
मी मारलं. फडकं मी बांधलं नाही. आई मला एका शब्दाने बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२७ जानेवारी
सरांचा निरोप — पाल कुठे आहे? चिठ्ठी रिकाम्या बरणीत टाकली.

३१ जानेवारी
बाबांचं बारावं. पंगत उठल्यावर शेजारचे दगडूकाका हात धुता धुता हसले, मग रडायलाच लागले. "तुझ्या बापाने, रामजीने, तुझ्या आईला फसवलंन गो! चार दिवस आंघोळ मागत होता, ती देईना. न्हाऊन झाल्यावर मला खिडकीतून म्हणतो कसा — 'पोर पाल शोधत होती, तेव्हा सुचलं. अंगावर पडली म्हटलं, लगेच पाणी मिळालं!' पाल कसली नि काय!"
मी मागे वळले. आई भाताचं पातेलं घेऊन उभी होती.